अण्णांचं नाटक गोडादऱ्यात

मी गाव सोडलं तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वीस दिवस उरले होते आणि मी राजा होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपीकाम करायचे आणि दर आखाजीला गावात नाटक बसवायचे. त्या वर्षी त्यांनी एक जुनं संस्कृत नाटक धरलं होतं, मराठीत आणलेलं, वहीत हातानं उतरवून घेतलेलं. राजाचा अंगरखा माझ्या मापाचा, अर्धा शिवून मशीनवर पडलेला. तेवढ्यात मावसभावाचा निरोप आला, सुरतेला लूमवर, कापडाच्या मागावर, जागा आहे, आजच निघ. मी निघालो. अण्णा मशीनवरून उठले नाहीत. "जाय," ते म्हणाले, "राजा नही तं नाटक नही." आई तेवढी एसटीपर्यंत आली.

त्या वर्षी नाटक झालं नाही. त्यानंतरही कधी झालं नाही. तुम्ही जे गावात राहिलात, त्यांनी हे मला अनेकदा ऐकवलं आहे, आणि खोटं काही सांगितलं नाही. पण माझ्यासारखे जे इकडे आले त्यांना ठाऊक आहे की, घरची बोलणी खायला नकोत म्हणून माणूस गावी जायचं कसं टाळतो. पाळी बदलली, मुलाची परीक्षा आहे, तिकीट मिळालं नाही. मी तर या कामात पटाईत झालो होतो.

मला सगळ्यात जास्त लागायचं ते फोनचं. गेली काही वर्षं मी फोन केला की अण्णा उचलत, थोडा वेळ कानाला धरत आणि एक शब्द न बोलता आईकडे देत. मी इकडून "अण्णा, अण्णा" करत राहायचो. पलीकडून आईच यायची, "बोल भाऊ." बापाचा राग एवढा टिकतो हे मला नवीन होतं.

लूमच्या कारखान्याला इथं खातं म्हणतात. खात्यात लूमच्या खडखडाटामुळे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून कारीगर एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. ओठ मोठे हलवायचे, शब्द तोडून बोलायचा, आवाज काढला नाही तरी चालतं. चार लूम सोडून उभ्या असलेल्या माणसाशी मी सुनेच्या बाळंतपणापासून जावयाच्या नोकरीपर्यंत सगळं बोललो आहे. आणि मास्तरला, म्हणजे खात्यावर देखरेख करणाऱ्याला, कळू द्यायचं नसेल, तर त्याच्या बाजूनं ओठांवर हात आडवा धरायचा. आमच्याकडे गुपित असं राखतात.

सुरतेत मी राहतो त्या गोडादऱ्याच्या मंडळात दर वर्षी ऑर्केस्ट्रा व्हायचा. या वर्षी मी बोलून गेलो, आपण नाटक करू. बोललो आणि फसलो, बसवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आईनं गावाहून येणाऱ्या एकाजवळ अण्णांची वही पाठवली. अण्णांनी दिली की तिनं काढून घेतली, हे विचारायची माझी छाती झाली नाही. राजा झाला भटू, आमच्याच तालुक्याचा. राणीचं काम घरी साड्यांना लेस लावणाऱ्या संगीताताईंनी घेतलं. विदूषक सोपान, मराठवाड्यातला, त्याला काही शिकवावंच लागलं नाही.

बाकीच्यांनी मात्र माझा घाम काढला. रजेच्या दुपारी समाजाच्या वाडीत, म्हणजे हॉलमध्ये, तालीम चालायची. बोलायची वेळ आली की दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे राहायचे, अगदी खात्यातल्यासारखे. प्रेक्षकांच्या वाट्याला फक्त कान. मी खांदे धरून त्यांना समोर वळवायचो, वाक्य संपेपर्यंत ते परत आपल्या जागी. भटू म्हणायचा, "तोंड नही दिखनं तं माले समजत नही ना भाऊ." दोन महिने मी त्याच्याशी भांडलो.

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी उचलली. जुन्या नाटकात पात्र रंगमंचावरच्या दुसऱ्याला कळू न देता बोलतं, तेव्हा हाताचा पंजा तोंडाशी आडवा धरतं. अण्णा हे लहानपणी मला करून दाखवायचे आणि मला ते खुळचट वाटायचं, शेजारी उभ्या असलेल्या राणीला ऐकू कसं जाणार नाही? सोपाननं हात धरला आणि म्हणाला, "हे तर आपलं मास्तरपासून लपवायचं." त्या दिवशी मला अण्णांची फार आठवण आली.

प्रयोगाला या, असा निरोप मी आईकडून पाठवला. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. दोघं आदल्या दिवशीच आले. अण्णा फार वाळले होते. तालमीला खुर्ची ओढून अगदी पुढे बसले आणि एकटक बघत राहिले. मी मागून विचारलं, "अण्णा, पहिला अंक कसा वाटला?" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी पुन्हा विचारलं. सगळ्यांसमोर माझं तोंड पडलं.

सोपान मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दादा, अण्णाला ऐकू येईना. आपले म्हातारे कारीगर कसं तोंडाकडं बघतेत, तसंच बघायलेत ते."

मी आईकडे पाहिलं. तिनं पदर डोळ्यांना लावला. "चार साल व्हयनात. तुले सांगू नको म्हने." ज्या माणसानं जन्मभर पोरांना आवाज लावायला शिकवला, त्याचेच कान गेले, हे त्यांना कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मला तर नाहीच.

संध्याकाळी मी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, उद्या मी शिकवलेलं सगळं विसरा. अण्णा पहिल्या रांगेत मध्यावर बसतील. ते लूमच्या पलीकडे उभे आहेत असं समजा आणि प्रत्येक वाक्य त्यांना समजलं पाहिजे, असं बोला. ज्यांनी आपल्या खात्यातली माणसं बहिरी होताना पाहिली आहेत, त्यांना काय समजावायचं?

आणि दुसऱ्या दिवशी जी दोन महिन्यांत झाली नव्हती ती गोष्ट झाली. सगळे समोर बघून बोलले. ओठ मोठे, शब्द तोडलेला, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. मी पडद्याआडून नाटक कमी आणि अण्णांना जास्त बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. आख्खं नाटक त्यांना पाठ होतं. दुसऱ्या अंकात सोपाननं सवयीनं भलत्याच बाजूला हात धरला आणि त्याचं तोंड नेमकं अण्णांपासून झाकलं गेलं. त्याच्या लक्षात आलं. त्यानं हात उचलून राणीच्या बाजूला धरला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जसं काही वहीतच तसं लिहिलं होतं. अण्णा एवढे हसले की शेजारचा त्यांच्याकडे बघायला लागला. मी आत उभा राहून रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पडदा पडल्यावर मी त्यांच्यासमोर खाली बसलो, माझं तोंड त्यांना दिसेल असा. सावकाश विचारलं, "अण्णा, माझ्यावर अजून राग आहे?"

त्यांनी माझ्या ओठांवरून प्रश्न वाचला. मग म्हणाले, "राग ते त्याच साले सरना. फोन कानले लावस तं नुसता घुं घुं ऐकू येस. बोलनं समजत नही. पन पोऱ्या बोली ऱ्हायना, इतलं समजस. तितलं ऐकस, मंग तुनी मायले दी देस."

चार वर्षं ज्याला मी राग समजत होतो, ते माझं बोलणं ऐकणं होतं. शब्द कळत नसताना, मी आहे एवढ्यासाठी ते फोन धरून उभे राहायचे. आणि मी इकडे फोन ठेवताना मनात म्हणायचो, म्हातारा काही सोडत नाही.

इथं मला कुणी "आप का घर कहां है" विचारलं की मी गोडादरा सांगायचो आणि विषय बदलायचो. गावी माझ्यावर रुसलेला एक माणूस बसला आहे, म्हणून तिकडे घर म्हणायची हिंमत होत नव्हती. तसा माणूस तिथं कधीचाच नव्हता. या आखाजीला मी घरी जाणार आहे.