रायफलचा अंगरखा

काका कुठलीही वस्तू हातात देण्याआधी तिच्या आत डोकावून पाहायचे. रायफलचं सोडाच, काकूंनी आमच्यासाठी भरून दिलेला डबासुद्धा झाकण उघडून, आत बघून मगच पुढे करायचे. "आधी आत पाहून घ्यायचं, बाबू. मग हाती घ्यायचं." नागपूर सोडून त्यांना एक जन्म लोटला होता, पण तोंडातला 'बाबू' काही सुटला नव्हता.

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या समोरच्याच घरात ते राहत. औषधांच्या कंपनीतून निवृत्त झाले होते आणि गॅरेजमध्ये एक अजब उद्योग करत. पॉइंट टू-टू रायफल तुमच्यापैकी काहींनी एनसीसीत हाताळली असेल. गोळी करंगळीच्या पेराएवढी. अशा साध्या रायफलवर चढवायचा अंगरखा काका बनवायचे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, थ्रीडी प्रिंटरवर काढलेले प्लास्टिकचे भाग, वरून काळा रंग. चढवला की ती जुन्या लढाईतल्या रायफलसारखी दिसे. आत मात्र तीच. इथे याची तयार किटं मिळतात आणि ती जोडणाऱ्या हौशी लोकांचा गोतावळाही मोठा आहे. त्यांच्यात काकांच्या कामाला मान होता. आपल्या मराठी मंडळात मात्र 'काकांनी गॅरेजात तोफखाना उघडलाय' अशी कुजबुज. ती कानावर आली तेव्हा काका एवढंच म्हणाले, "गणपतीच्या मखराला कोणी देऊळ म्हणते का? हे माझं मखर आहे."

आई गेल्यावर मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साताऱ्याहून इकडे घेऊन आलो. आप्पा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मुळात कमी बोलणारे, आता तर पार मिटले होते. वाढलेलं खायचे आणि खिडकीशी बसायचे. माझी मुलगी इंग्रजीत काही विचारायला गेली की नुसता तिच्या केसांवरून हात फिरवायचे. मी ऑफिसात असायचो आणि डोक्यात ती खिडकी असायची.

समोरून काकांनाही ती खिडकी दिसत होती. एका शनिवारी ते आप्पांना गॅरेजमध्ये घेऊन गेले. टेबलावर एक अर्धा झालेला अंगरखा होता, आप्पांच्या वेळच्या सैन्यातल्या रायफलचा. नुसतं लाकूड आणि प्लास्टिक. खरी रायफल कपाटात, कुलपात. काकांनी तो मोठ्या कौतुकाने उचलून धरला. "आप्पासाहेब, ओळखता का हिला?"

आप्पांनी पाठ फिरवली. ते रस्ता ओलांडून घरी आले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आमच्या स्वयंपाकघरात हजर. "आप्पासाहेब, चुकलो. तुम्हाला न विचारता मी ते तुमच्यासमोर धरलं. आजच मोडून टाकतो." मग तिथेच बसून राहिले. चहाला हात लावला नाही. उठलेही नाहीत.

आप्पांनी आपला कप खाली ठेवला. "सखाराम होता."

"कोण?"

"माझ्या शेजारच्या खंदकात. गोळीबार थांबला तसा मी त्याला हाक मारली. कानात दडे बसलेले माझ्या. तो ओ देतोय का नाही, तेच कळंना. मी आपला हाका मारतच राहिलो."

आईला त्यांनी हे सांगितलं होतं का, ठाऊक नाही. मला तर कधीच नाही. मी ओट्याशी पाठमोरा उभा होतो. वळायचं धाडस झालं नाही. काकांनी खुर्ची आप्पांजवळ ओढली. एवढंच विचारलं, "कसा होता हो तो?"

आणि आप्पा सांगू लागले. सखाराम दुसऱ्यांच्या वाटणीचा गूळ पळवायचा. गायचा बेसूर, पण अगदी मनापासून. बायकोला पत्र लिहायचं तर मजकूर आप्पांकडून घ्यायचा. काका निघाले तेव्हा आप्पा म्हणाले, "मोडू नका ती. पुरी करा."

मग आप्पा रोज समोर जायला लागले. पॉलिश पेपरने लाकूड घासायचं, जवसाचं तेल चोळायचं. दुपारी मिशीत भुसा घेऊन परत यायचे आणि भाकरी पातळ झाली म्हणून माझ्या बायकोऐवजी मलाच झापायचे. घरात कुणीतरी कुणाला झापतंय, याचं मला इतकं सुख वाटायचं!

काम पुरं झाल्यावर काका आम्हाला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेले. "व्हिसावाल्यांनी फक्त पाहायचं. हात लावायचा नाही, इथला कायदा आहे," असं आम्हाला गाडीतच बजावलं. आप्पांच्या कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन त्यांनी स्वतः बसवले. "जमेल ना? नाहीतर इथूनच परत जाऊ." आप्पांनी मान डोलावली, पण माझं मनगट घट्ट धरलं.

काकांनी नेम धरला. त्यांच्या खांद्याला ती आप्पांचीच रायफल होती, हुबेहूब.

टक.

डब्याचं झाकण लागावं तसा आवाज.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "एवढाच?"

"एवढाच, आप्पासाहेब."

आप्पा हसायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खाली बसले, हेडफोन काढायचंही भान नव्हतं, आणि कधी रडायला लागले ते आम्हाला कळलंच नाही. काकांनी रायफल रिकामी केली, आत पाहून घेतलं, ती खाली ठेवली आणि मगच येऊन त्यांच्याशेजारी बसले.

थंडी सुरू व्हायच्या आत आप्पा साताऱ्याला परतले. जेवायला लागले होते, पारावर जायला लागले होते. मी आयुष्यभर त्यांचा मुलगा आहे; पण ते दार मला उघडता आलं नव्हतं. ते काकांनी उघडलं.

या वसंतात काका गेले. झोपेतच. मी आप्पांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ते म्हणाले, "फोन वहिनींकडं घेऊन जा."

समोरच्या घरात काकू सोफ्यावर बसल्या होत्या. रेंजवरची दोन दाढीवाली मंडळी टोप्या गुडघ्यावर ठेवून अवघडून बसलेली, हातात पोह्यांच्या बशा. मी फोन काकूंच्या हातात दिला.

"वहिनी," आप्पा म्हणाले, "त्यांनी मला सखारामाबद्दल बोलतं केलं. आता त्यांच्याबद्दल मी कुणाशी बोलू?"

काकूंनी पदराने चष्मा पुसला. "माझ्याशी बोला ना, भाऊजी."

फोन तिथेच ठेवून मी घरी आलो.