मुरबाडची सनईवाली गिटार

“मशीनच्या आतला काहीतरी पार्ट गेलाय,” मी सावंतांच्या ओटीवर बसून ठोकून दिलं.

सावंतांचा पारा चढला. “तुम्ही उघडून बघितलंत ना? मग काय गेलंय, ते दाखवा.”

मी हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच पुसायला लागलो.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. शहापूरला माझं रिपेअरिंगचं दुकान. टीव्ही, रेडिओ आणि लग्नसराईत बँजो पार्ट्यांचे अ‍ॅम्प्लिफायर. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो म्हणजे याला वाद्यांतलंही कळतं, असा लोकांचा समज. मीही तो कधी खोडून काढला नाही.

सापगावच्या नितीनची अशीच एक पार्टी होती. आमच्याकडचा बँजो म्हणजे तारांवर बटणं बसवलेली पेटी. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. नितीनने तो दहा वर्षं वाजवला आणि मग गिटार धरली. त्याचे हरीकाका त्याच पार्टीत सनई वाजवायचे. हळद लागताना सनई हवीच, सुपारी द्यायला येणारे आधी तेच विचारतात. पण काकांना दमा झाला आणि डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं. तुळशीचं लग्न दीड महिन्यावर. ते लागलं की सीझन सुरू.

तेवढ्यात नितीनला कळलं, की मुंबईच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून मुरबाडला घर बांधलेले सावंत आपला जुना गिटार सिंथेसायझर विकतायत. मशीन घेतलं की सनईही नितीनच वाजवणार आणि काका कायमचे घरी बसणार. मशीन तपासायला नितीनने मला सोबत घेतलं. काकांना सगळं ठाऊक होतं. तरी एसटीत ते आमच्याबरोबर चढले. “सूर कसा निघतो, त्ये तरी ऐकतो,” एवढंच म्हणाले.

गिटार सिंथेसायझर म्हणजे काय, ते सांगतो. गिटारच्या तारांखाली एक बारीक पट्टी बसवतात. ती प्रत्येक तारेचा सूर वेगळा पकडते आणि जाड केबलमधून एका डब्याला पाठवते. डबा सूर ओळखतो आणि तोच सूर बासरीत, व्हायोलिनमध्ये किंवा सनईत काढून देतो. या ओळखण्याला ट्रॅकिंग म्हणतात. जुन्या मशीनला ओळखायला अंमळ वेळ लागतो. जाड तारेला जास्त, बारीक तारेला कमी.

मी माझ्या परीने सगळं तपासलं. मशीन परदेशी, शंभर व्होल्टवर चालणारं, म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर होता. तो गरम होत नव्हता. केबल आपल्याकडे मिळत नाही, ती तुटली की डबा मुका. पण सावंत दोन केबल देणार होते. मी मनातल्या मनात होकार भरला होता.

मग नितीनने गिटार गळ्यात घातली आणि सगळा विचका झाला. सनई अडखळत होती. एकेक सूर तुटून तुटून येत होता, तोतऱ्या मुलासारखा. मी डबा उघडला, कॉन्टॅक्ट साफ केले, केबल बदलली, प्रत्येक तारेची सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करून पाहिली. फरक शून्य. कारण सापडेना आणि सापडत नाही हे कबूल करवेना, म्हणून मी पार्ट गेल्याचं ठोकून दिलं.

सावंतांनी गिटार घेतली आणि वाजवली. सनई अशी सरळ निघाली, की मी खाली बघायला लागलो.

“मंग माझ्याच हातात काय होतं याला?” नितीन वैतागला.

हरीकाका ओटीच्या कडेला बसून नितीनच्या हाताकडे बघत होते. ते म्हणाले, “मशीन बरा हाय रे. तूच एका सुराला धा येला टोचतंस. सनईत एक फुंक मारली का तोच सूर पुढं न्यायचा असतो.”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बँजोचा सूर लगेच विझतो. तो जिवंत ठेवायला वाजवणारा एकाच सुरावर भराभर आघात करत राहतो. नितीनचा हात तसाच घडला होता. मशीन बिचारं प्रत्येक आघाताला नवा सूर समजून सनई पहिल्यापासून सुरू करत होतं.

नितीनने अर्धा तास खटपट केली. दोन आघात आवरायचे, तिसऱ्याला हात पुन्हा पळायचा.

“नितीन, मशीन चांगलं आहे,” मी म्हणालो, “पण तुझ्या हाताचं नाही. दीड महिन्यात दहा वर्षांचा हात बदलणार नाही.”

“मंग सीझनला काय सांगू लोकांना? सनई नाय म्हणून?”

मग काकांनी हात पुढे केला. “मना बघू दे जरा.”

“काका, तुमी कवा गिटार धरली?”

“नाय धरली. म्हणून तर बघतो.”

त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. मी म्हटलं, “काका, सगळ्यात बारीक तार घ्या. बाकीच्यांना हातच लावू नका.” सुरुवातीला भलतेसलते आवाज निघाले. मग त्यांना सा सापडला. एकदाच तार छेडायची आणि बोट घसरवत पुढे न्यायचं. हळद लावताना वाजवतात, त्यातली एक ओळ त्यांनी हळूहळू काढली. फुंकायचं काहीच नव्हतं, तरी त्यांचे गाल फुगले होते. सावंत दुसरीकडे बघायला लागले.

स्वतः मिरवायला म्हणून नितीन आला होता, ते सोडणं सोपं नव्हतं. शेवटी म्हणाला, “काका, मंग मी काय वाजवू?”

“तुझा बँजो कुनी चोरलाय काय?”

मशीन घेतलं. पुढचा दीड महिना काका रोज माझ्या दुकानात येऊन बसायचे. मी गिटारवर त्यांच्या सुरांच्या जागी रंगीत टिकल्या चिकटवून दिल्या. गिऱ्हाइकं वैतागली, पण काकांनी चार चाली बसवल्या. फक्त चारच.

पहिली हळद डोळखांबच्या बाजूला होती. जनरेटरचा भरवसा नाही, म्हणून मी स्टॅबिलायझर घेऊन सोबत गेलो. दोनदा सूर चुकला, तो ढोलाने झाकला. हळद लागल्यावर नवरीची आई ताट घेऊन मांडवात आमच्याकडे आली. तिकडे सनईवाल्याच्या कपाळालाही हळद लावतात. तिने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. सनई कुणाच्याच हातात नव्हती.

“सनईवाला कोन रे तुमच्यात?”

नितीनने बँजोवरचा हात उचलून काकांकडे बोट दाखवलं. “ह्यो काय, आमचा काका.”

तेव्हापासून कुणी सेकंडहँड वाद्य तपासायला बोलावलं, की मी आधी विचारतो, वाजवणार कोण? आणि दोष सापडला नाही, तर ‘सापडला नाही’ असंच सांगतो. त्याने गिऱ्हाईक थोडं नाराज होतं, पण आपल्याला खाली बघावं लागत नाही.