अलिबागचे निवृत्त पोस्टमास्तर

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. बायकोला अर्धी माहीत आहे, कारण उरलेल्या अर्ध्यात तिच्या बहिणीचा नवरा आहे. साहेब होते तोवर धाडस झालं नाही. ते गेल्यावर आता सांगायचं कुणाला, असं म्हणत आणखी चार वर्षं काढली. आता लिहून टाकतो.

नांदेडच्या कोर्टात मी एका वकीलसाहेबांचा मुन्शी होतो, तीस वर्षं. साहेब ज्यू, कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे. वडील रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. गावात ज्यूंचं घर एवढं एकच. पक्षकारांना त्याचं काही नव्हतं. त्यांना इतकंच ठाऊक होतं, की शुक्रवारी चार वाजले की साहेब गाऊन काढणार, बायकोसाठी गजरा आणि आईसाठी पिकलेली केळी घेऊन घर गाठणार. एकदा एक अशील ऐन चार वाजता रडायला लागला. साहेब म्हणाले, "सोमवारी रडा. घरी वाट बघून राहिलेत."

उलटतपासणीत त्यांनी आवाज कधी चढवला नाही. खोट्या साक्षीदाराला मायेनं विचारायचे, "त्या दिवशी जेवायला काय होतं हो?" माणूस घटना पाठ करून येतो, जेवण पाठ करत नाही. तिथंच सापडायचा.

साहेबांचे वडील वारले त्याला वर्ष होत आलं. मृतासाठी त्यांच्यात एक प्रार्थना असते. ती म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि दहाही ज्यू. नऊ असले तर म्हणताच येत नाही. मुंबईत सोपं होतं, पण साहेबांची आई खुब्याचं हाड मोडून खाटेवर. "याच घरात म्हण, मला ऐकू आलं पाहिजे," हा त्यांचा हट्ट. साहेब, मुलगा आणि जावई मिळून तीन झाले. सात बाहेरून आणायचे. नांदेडची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून लातूरपर्यंतची काढली.

फोन सगळे मी केले. साहेब म्हणाले, "पुण्यात आमच्या समाजाचे एक गृहस्थ आहेत, त्यांनाही बोलवा. एखादा कमी पडला तर?" मी "हाव साहेब" म्हणालो आणि मंडपवाल्याच्या मागे लागलो. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "केला होता फोन. त्यांना जमत नाही." ही पहिली थाप.

रविवारी सकाळी लातूर स्टेशनवर जीप घेऊन उभा राहिलो. सहाच उतरले. सातवे अलिबागचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना साहेबांनीही पाहिलेलं नव्हतं आणि या सहांनीही. तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "कल्याणला वडापाव घ्यायला उतरलो हो, गाडी निघून गेली. घरी परत आलोय. साहेबांना सांगू नका, फार लाज वाटते."

लातूरला माझे साडू राहतात, कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. "पोस्टमास्तर कालच येऊन राहिलेत, घेऊन येतो," असं सांगून सहा जणांना चहाला बसवलं आणि मी साडूंचं घर गाठलं.

"साडूभाऊ, आजच्या दिवस ज्यू व्हायचंय."

"काय व्हायचंय?"

"अलिबागचे पोस्टमास्तर. टोपी घालायची, गप्प बसायचं. सगळे आमेन म्हणाले की आमेन म्हणायचं."

"अवो, म्या समुद्रसुद्धा पाह्यला न्हाई!"

आतून मेहुणी म्हणाली, "जावा की. घरी तरी काय, पंखाच बघून राहिलेत."

अहमदपूरपर्यंत सगळं ठीक होतं. मग सहांतल्या सर्वांत वयस्कर आजोबांनी सहज विचारलं, "काय पोस्टमास्तर, सध्या अलिबागला मासळी कशी?"

साडूंना पंचवीस वर्षांची सवय, प्रश्न आला की उत्तर द्यायचंच. "झिंगे लई झकास! हप्त्याला किलोभर तर लागतातच."

आजोबांनी मान वळवली. खवले नसलेलं पाण्यातलं काही ज्यूंना चालत नाही, आणि हे साडूंना सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

"लागतात म्हणजे?" आजोबा म्हणाले.

"मांजराला!" मी पुढच्या सीटवरून ओरडलो. "चार मांजरं आहेत त्यांच्याकडे."

"पाच," साडू म्हणाले.

साहेब दारातच उभे होते. साडूंचे दोन्ही हात धरून म्हणाले, "किती लांबून आलात. वाटेत काय खाल्लंत?"

साडू माझ्याकडे बघायला लागले. "पोहे," मीच म्हणालो. साहेबांनी ते ऐकलंही नाही. त्यांची नजर एकेका टोपीवरून फिरत होती. शेवटच्या टोपीपाशी येऊन त्यांनी श्वास सोडला.

तेव्हाच त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. बाकीच्या प्रार्थना झाल्या असत्या, ती एक राहिली असती. मी चपला नीट लावत बसलो.

ती प्रार्थना म्हणताना साहेबांचा आवाज मध्येच फुटला. आई डोळे मिटून ऐकत होत्या, आणि साडू सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणत होते. नंतर पोहे, नारळ आणि साखरेचा मलिदा वाटला, तो साडूंनी दोनदा घेतला. आई मला म्हणाल्या, "तुझ्यामुळं झालं रे बाबा."

पुढं दरवर्षी त्यांच्या नव्या वर्षाला साहेब पोस्टमास्तरांना शुभेच्छा कळवायला सांगायचे. मी लातूरला फोन करायचो आणि साडूंचं उत्तर साहेबांना सांगायचो, "तब्येत बरी आहे, मांजरं मजेत."

काही वर्षांनी आई पावसाळ्यात वारल्या. कामाच्या गर्दीत साहेबांना दहा माणसं जमवता आली नाहीत, मुंबईला जाणंही झालं नाही. त्यानंतर एकदा चेंबरमध्ये मी खरं बोलायचं ठरवलं. "साहेब, वडिलांच्या वर्षाच्या वेळी..." एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "हो ना. आईचं राहिलं. पण वडिलांचं तरी नीट झालं, तेवढंच समाधान आहे." मी तारखांची डायरी उघडली आणि उद्याच्या केसेस वाचून दाखवल्या.

शेवटचा भेटलो तो ठाण्यात, त्यांच्या मुलीच्या घरी. ते अंथरुणावर होते, भोवती बायको, मुलं, नातवंडं. नातवाला माझ्याकडे बोट करून म्हणाले, "यांनी सात माणसं आणली होती, नांदेडला." नातू माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला, चहा प्यायलो आणि निघून आलो.

साहेब, त्या दिवशी मी सहाच आणली होती. पुण्याला फोन केलाच नव्हता. तुमच्या वडिलांची प्रार्थना माझ्यामुळं अपुरी राहिली. मला माफ करा.