विहिरीतली चुनखडी

कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात मी केमिस्ट आहे. दिवसभर पावडरी तपासते, पण चुनखडीकडे नीट पाहिलं ते दौंडजवळच्या आमच्या रानात, सासूबाईंमुळे. त्यांना मी आत्या म्हणते. तरुणपणी त्या मेंढरांमागं हिंडल्या. पुढं घर शेतीत स्थिरावलं.

गेल्या उन्हाळ्यात विहीर रुंद करताना मातीतून पांढरे खडे ढिगानं निघाले. आत्यांनी एक उचलला.

"रान काळं, खालचा दगड काळा. मग ह्यो पांढरा आला कुठनं?"

"कॅल्शियम कार्बोनेट आहे तो," मी म्हणाले.

"नाव नगं. झाला कसा ते सांग."

मी खडा खलबत्त्यात कुटला आणि भुकटीवर लिंबू पिळलं. फेस फसफसून वर आला. आत्यांनी कान जवळ नेला.

"आपण श्वासातून सोडतो तोच वायू बाहेर पडतोय," मी सांगितलं. "पावसाचं पाणी हवेतून, मातीतून हा वायू घेतं, थोडं आंबट होतं आणि काळ्या दगडातला चुना विरघळवून खाली नेतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, वायूही सुटतो, चुना मागं राहतो. पुन्हा पाऊस, पुन्हा ऊन. असं हजारो वर्षं."

आत्यांनी पदर खोचला आणि शिडीवरून थेट विहिरीत उतरल्या. मी वरून ओरडत राहिले. त्या मात्र भिंतीवरचा पांढरा थर हातानं चाचपत होत्या. वर आल्या तेव्हा मुठीत नळीसारखा एक लांबट खडा होता, मधोमध भोक.

"ह्यात काय हुतं?"

"झाडाचं मूळ. त्याच्याभोवती चुना साचला. मूळ कुजून गेलं."

"अगं बया! कुठलं झाड आसंल?" त्यांनी तो खडा कितीतरी वेळ फिरवून पाहिला. मला कॉलेजात हा प्रश्न कधी पडला नव्हता.

बांधाकडच्या लिंबोणींची पानं का पिवळी पडतात, तेही मग त्यांनी विचारलं. जास्त चुन्यात झाडाला लोह मिळत नाही, हे कळल्यावर त्यांनी घरात सगळ्यांना पटवून तिथं चुनखडीतही तगणारी सीताफळं लावली. रोपं छान धरलीत.

परवा त्या शिरूरला बहिणीकडं गेल्या होत्या. दुपारी फोन आला, पाठीमागं वारा घोंगावत होता. "घोडनदीच्या काठाला हुबी हाय. दरडीत हितंबी पांढरा पट्टा हाय गं, मुळांच्या नळ्यासुदीक! तू रविवारी ये, मला दावायचंय."