वांगं गेलं लिस्बनला

बालाघाटच्या फलाटावरून गोंदियाची गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. "पोचली का फोन कर," एवढं म्हणून वळली. मीही तिचीच लेक. डोळे पुसायच्या आधी तिकीट तपासलं.

लिस्बनला मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. पहिल्याच जुलैत टोपलीभर वांगी समोर आली. आमच्याकडे चातुर्मासात वांगं बंद, ते चंपाषष्ठीच्या भरतानेच सुटतं. हे पोर्तुगीजमध्ये सांगता येईना, म्हणून नुसतीच नको नको म्हणत राहिले. मुख्य स्वयंपाकिणीने भिंतीवर माझ्या नावापुढे लिहून टाकलं: बेरिंजेलाची, म्हणजे वांग्याची, ॲलर्जी. डिसेंबरात मी दोन वांगी भाजून उभ्यानेच खाल्ली, तेव्हा ती डॉक्टरला फोन लावत होती.

आश्रमातली स्पॅनिश बाई वांग्याला बेरेन्खेना म्हणते, फ्रेंच बाई ओबर्जीन. इटलीचे आजोबा मेलांझाना म्हणतात. त्यांच्याकडे जुने लोक त्याचा अर्थ वेडं सफरचंद असा लावायचे. रुमानियाच्या मुलीचा शब्द वेगळाच, मार लागून काळंनिळं पडलेल्या अंगाचा.

बेरिंजेलाचं मूळ मात्र आपल्याकडचं, संस्कृतातलं वातिंगण. इराणात ते बादिंगान झालं, अरबांकडे अल-बादिंजान, आणि त्यांच्यासोबत स्पेन-पोर्तुगालला उतरलं. दुपारी सुरी चालवताना ते मला जाताना दिसतं. उंटावर, गलबतात, कुठल्याशा पांढऱ्या अंगणात, एखादं अक्षर टाकत, एखादं उचलत. मागून हाक मारली तर ओळख देईल की नाही, कोण जाणे. तुमच्यातले जे माझ्यासारखे घर सोडून निघाले, त्यांना हे सांगायला नको.

बाबा गेल्यावर आई एकटी राहिली. यंदा पावसाळ्यात न्हाणीत घसरून तिचं मनगट मोडलं, आणि मला कळलं ते प्लास्टर निघाल्यावर. मी परतायचं ठरवलं. चंपाषष्ठीला ती अंगणात तुराट्यांवर वांगं भाजत होती, तेव्हा व्हिडिओवर सांगितलं, नोकरी सोडते.

ती वांगं उलटत राहिली. मग म्हणाली, तिकडे ह्याले काय म्हणतात? मी सगळी वाट सांगितली.

"एवढं दूर जाऊन तिथलंच झालं. त्याले कोणी वापस बोलावलं का?"

"आई, ते वांगं आहे."

"हौ. अन् तू माही पोरगी. म्हणून सांगून राह्यली. मी माह्या हातानं करून खाऊन राह्यली न? मंग तुले कायले बोलावू?"

राजीनामा मी दिला नाही. अजून नीट न वळणाऱ्या हाताने ती साल सोलत होती, वाफेने फोनचा पडदा धूसर झाला होता. आता घर म्हणजे तेवढंच: तिचा हात हलताना दिसतो, आणि मला तो धरता येत नाही.