चॅलेंज कुणी केलंच नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकदा बहिणीला सांगायचं म्हणून तिच्याकडे गेले, तर चहा होईपर्यंत तिच्या सुनेबद्दलच बोलत राहिले आणि उठून आले. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

पण आधी पत्त्यांबद्दल सांगू द्या. टाळतेय का मी? असेन.

मी नर्स आहे. घर देवळाली प्रवराला, पण तेव्हा नेमणूक होती अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यात. आठवडाभर तिकडे, शनिवारी दुपारी घरी. सकाळचे पेशंट संपले की दुपारी आम्ही तिघं पत्ते खेळायला बसायचो – मी, रुग्णवाहिकेवरचा दत्तू आणि हिराबाई. हिराबाई आमची मदतनीस, कंत्राटी. झाडलोट करायची, पेशंटना हाका मारायची, रडणारी पोरं धरायची.

खेळ एकच. चॅलेंज. पत्ते पालथे टाकायचे आणि तोंडानं सांगायचं, ‘तीन राण्या’. खरंच राण्या असतील, नाहीतर दुऱ्या-तिऱ्या. समोरच्याला संशय आला तर तो म्हणणार, ‘चॅलेंज’. खोटं सापडलं की सगळा ढीग तुमच्या गळ्यात. खरं निघालं तर त्याच्या.

मला या खेळाचं वेड लागलं होतं. जिंकण्याचं नव्हे हो. पत्ते टाकल्यानंतर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत असतो ना – तेवढा वेळ. छातीत धडधड, आणि चेहरा मात्र भाजी निवडत बसल्यासारखा. त्याची नजर हलते, तो ‘पास’ म्हणतो, आणि आत काहीतरी उडी मारतं. आयुष्यभर सरळ वागलेल्या बाईला ते काय वाटत असेल, सांगू कसं?

हिराबाईला मात्र खेळ जमायचाच नाही. तिच्याकडे खरे राजे असले तरी ती लाल व्हायची, पदरानं मान पुसायची, जीभ अडखळायची. दत्तू ओरडायचा, “चॅलेंज!” – आणि निघायचे राजेच. “अहो, मंग असं चोरावानी तोंड कशापायी करता?” तो वैतागायचा. ती म्हणायची, “मला भ्याव वाटतं ना, भाऊ. खरं बोलले तरी तुमी इस्वास ठिवनार न्हाई म्हून.”

हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

पुढे दत्तूची सारखी तालुक्याला पळापळ सुरू झाली, डाव बसेना. मी मोबाईलवर तोच खेळ घेतला. समोर माणूस नाही, तरी मजा यायची. जेवताना, जीपमध्ये, कुठंही.

त्या शनिवारी दुपारी मोबाईल बंद पडायला आला होता आणि डाव रंगात होता. आमच्या खोलीतला बोर्ड जळालेला. मी लशींच्या खोलीत गेले. तिथं एकच प्लग, फ्रीजचा. तो काढला आणि चार्जर लावला. थोडाच वेळ, म्हटलं. नर्स आहे मी! लशींना गरमी सोसत नाही हे मी गावोगाव आयांना सांगत हिंडले आहे. काढला तरी.

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी चार्जर उपटला, पिशवी उचलली आणि पळाले.

सोमवारी परत आले तर दवाखान्यात गडबड उडालेली. हिराबाईनं सकाळी फ्रीज उघडला होता. प्लग निघालेला, आत सगळं कोमट. डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं. शनिवारी माझ्यानंतर खोली झाडून कुलूप लावलं होतं हिराबाईनं. म्हणजे एक तर मी, नाहीतर ती.

“प्लग कुणी काढला?” मॅडमनी विचारलं.

मला रस्त्यातच सगळं आठवलं होतं का? नाही. त्या क्षणी आठवलं. चार्जरची वायर हातात असल्यासारखी. आणि मी म्हणाले, “मॅडम, मी निघाले तेव्हा फ्रीजचा दिवा चालू होता.”

मॅडम माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

इथंच – इथंच ते आहे, ज्याच्यासाठी मी एवढी फिरून आले. मी घाबरले म्हणून खोटं बोलले, असं सांगता आलं असतं. घाबरलेही होते. पण मॅडमची नजर माझ्यावरून सरकली ना, तेव्हा मला मजा वाटली. तीच उडी, आतली. तशीच्या तशी.

मग त्यांनी हिराबाईकडे पाहिलं. ती लाल झाली होती. पदर मानेवर. “म्या झाडलं व्हय... वायरीला झाडू लागला आसंल का काय... न्हाई ठावं, मॅडम. लागलाबी आसंल.”

खरं बोलत होती ती. तिच्या खऱ्या बोलण्याचं तोंड कसं असतं, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

बुधवारी लसीकरण होतं. वाड्यांवरून बाया पोरं काखोटीला मारून उतरल्या आणि तशाच परत चढल्या. लस नंतर आली, पोरांना मिळाली. हिराबाईचं कंत्राट मात्र पुढं वाढलं नाही. जायच्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सिस्टर, माझ्यापायी तुमालाबी बोलनी बसली.” मी रजिस्टर लिहीत होते. लिहीत राहिले.

पुढे माझी बदली राहुरीकडे झाली. त्यानंतर काही वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, ती मला अकोले स्टँडवर भेटली. सोबत मुलगी होती. मुलगी हसत म्हणाली, “आईचं काय सांगू, सिस्टर! घरातनं निघालो की पुन्यांदा माघारी जाती. सगळे प्लग बघती. आजबी त्यापायीच यष्टी चुकली.”

हिराबाई हसली नाही. तिनं माझा हात धरला. “तुमचा जीव लई मोठा, सिस्टर. तवा तुमी मला येका शब्दानं बोलला न्हाई. माज्या मनातनं ते आजून जात न्हाई बघा.”

दुपार होती. तिची गाडी लागायला वेळ होता. कुणी घाई करत नव्हतं, मॅडम नव्हत्या, नोकरीची भीती नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मुलगीही.

मी तिच्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, “जाऊ द्या हो, हिराबाई. होतात माणसाकडून चुका. मी केव्हाच माफ केलं तुम्हाला.”

तिनं डोळे पुसले आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.