चप्पल घालून आत या, घरात गिटारी आहेत

घरात पाच इलेक्ट्रिक गिटारी असल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी झाडून बाहेर टाकावेत, तर संध्याकाळी तेच पुन्हा उंबऱ्यात बसलेले! नळावरच्या बायांनी तर माझी खबर विचारायची पद्धतच बदलली आहे. "काय गं, बरी हायस का?" असं नाही. "काय गं, आज कोणाला चिकटलं?"

माझ्या पिंकीच्या बाबांचं हिंगोलीत मोटर वाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात, ते चांगलंच आहे. पण ऑर्केस्ट्रावाल्यांनी फेकलेल्या मोडक्या गिटारी आणायच्या, दुरुस्त करायच्या, वाजवायच्या आणि भिंतीला टांगायच्या, हा त्यांचा नाद. सोबतीला दोघे. गाणारा सुदामभाऊ आणि ड्रम वाजवणारे रज्जाकभाई. भीती मात्र मला एकटीला. करंटची.

पहिली गिटार नांदेडहून एस.टी.नं आली. थंडी होती. ह्यांनी पिंकीचं दुपटं काढून गिटारीला गुंडाळलं आणि गिटारीलाच मांडीवर घेऊन सीटवर बसले. पिंकीला घेऊन मी उभी! कंडक्टर आला, दुपट्याकडे बघत राहिला. म्हणाला, "पाव्हणं, लेकराची मान लईच लांब झाली. आता अर्धं तिकीट लागतंय!"

गिटारीच्या तारांखाली लोहचुंबकावर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. ती तुटली की आवाज बंद. ह्यांनी ती मोटारीसारखीच नवीन गुंडाळली. इथवर बराबर. पण मोटारीच्या सवयीनं तिला वार्निश पाजलं आणि वाळायला मोठ्या बल्बच्या पेटीत ठेवून दिली. मोटार लोखंडाची, हिचं रीळ प्लास्टिकचं! पेटी उघडली तर आत एक काळा गोळा. हे डोकं धरून बसले. रज्जाकभाईंनी गोळा बोटानं दाबून पाहिला आणि मला हाक मारली, "भाभी, भजे हो गये, चटनी लाओ!"

दुनियेत पाहुणा चप्पल काढून आत येतो. आमच्याकडे घालून. हे वाजवत असले की आवाज वाढवायच्या अँपच्या डब्यात करंट उतरतो, तिथून तारांत येतो, म्हणून पायात रबरी चप्पल पाहिजेच. माझी आई पहिल्यांदा आली, दारात चप्पल काढली, तसे हे आतून ओरडले, "मामी, चप्पल घाला! चप्पल घाला आधी!" आईनं चप्पल घातली, पिशवी उचलली आणि सरळ स्टँडचा रस्ता धरला. मी मागं पळाले. म्हणते कशी, "पाणी पाजायच्या आदी हाकलून राहिला गं तुझा नवरा!"

दुसरा नियम उलट्या हाताचा. कुठल्याही वस्तूला आधी हाताची मागची बाजू लावायची. तळहात लावला आणि करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात झटक्यानं मागं येतो. गिटार उलट्या हातानं तपासून झाली की हे पिंकीला म्हणायचे, "लाईट न्हाई. धर." मग ती तारा ओढायची. पोरगी जेमतेम बोलायला लागलेली, पण भाकरीला उलटा हात, मांजराला उलटा हात. मी तिचा मुका घ्यायला वाकले तर आधी माझ्या गालाला उलटा हात! सगळे हसले. मला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. सुदामभाऊनं गाता गाता एक हात ह्यांच्या गिटारीवर ठेवला आणि ओठ माइकला टेकले. झालं! मान ताठ, अंग थरथरतंय, आणि तोंडातून असा काही वरचा सूर की बस. रज्जाकभाईंनी लाथ मारून बोर्डातली पिन उडवली. सुदामभाऊ खाली बसला. आणि मंडपातून टाळ्या, शिट्ट्या, "वन्स मोर! वन्स मोर!"

सुदामभाऊ म्हणाला, "ह्यांच्या मायला, पुन्यांदा मरू का?"

घरी येऊन ही गोष्ट सांगताना तिघंही पोट धरून हसत होते. मी ह्यांना म्हटलं, "बास करा आता. माझं लेकरू लहान हाय."

"काहून घाबरून राहिलीस? आपली चप्पल हाय ना पायात."

चप्पल होती, ते खरं आहे. पण जवळा बाजार गावाच्या बाजूला जयंतीचा कार्यक्रम होता. स्टेजवर मध्ये फोटो, हार, मेणबत्त्या. फोटोपुढे कोण चप्पल घालून जाईल? ह्यांनी चपला खाली काढल्या, वर जाऊन हात जोडले आणि तसेच अनवाणी गिटार गळ्यात अडकवून उभे राहिले. धूळ बसावी म्हणून पोरांनी नुकतंच स्टेजवरही पाणी मारलेलं. पहिल्याच तारेला चिकटले. रज्जाकभाईंनी लाकडी खुर्ची मध्ये घालून सोडवलं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डाव्या हाताला पट्टी, तोंड राखेसारखं. सुदामभाऊ आणि रज्जाकभाई भिंतीला टेकून बसलेले, चपला घालूनच. ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता लेकराचं नाव घेतील.

"गिटारीची मान तर न्हाई ना मोडली?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि लांब जाऊन दाराला टेकून उभी राहिले. ह्यांनी पाणी मागितलं, सुदामभाऊनं पाजलं. उशी सरकली, ती रज्जाकभाईंनी नीट केली. मी जागची हलले नाही.

तेवढ्यात पिंकी आली. बाबांच्या रबरी चपला घालून, फटक फटक, पडत सावरत. खाटेजवळ थांबली. बाबांच्या कपाळाला उलटा हात लावला. मागं घेतला, पुन्हा लावला, आणि तसाच ठेवला.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, लाईट न्हाई. धर."